तसबिरीखालची ओळ

(विहाराच्या वर्धापनदिनी विजयदुर्ग येथे केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)

 

समितीने आम्हाला सांगितले, ऐतिहासिक चित्रांवर चार शब्द बोला. बंडवाले, राजे, मुत्सद्दी यांच्या ज्या तसबिरी आपण शाळेच्या भिंतीवर, पुस्तकात, कॅलेंडरवर बघतो, त्यांच्याविषयी. आम्ही काही इतिहासकार नव्हे. पण ज्या गावात समुद्रात पाय टाकून असा किल्ला उभा आहे, त्या गावात हा विषय दूरचा नाही. म्हणून सुरुवात आपल्या किल्ल्यापासूनच करू.

इंग्लंडमध्ये लंडनजवळ ग्रीनिच म्हणून ठिकाण आहे. तिथल्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आपल्या विजयदुर्गाचे एक मोठे तैलचित्र आहे. डॉमिनिक सेरेस नावाच्या चित्रकाराने ते १७७१ साली काढले. विषय आहे 'घेरियाचा पाडाव'. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. आपल्या गिर्ये गावाच्या नावावरून साहेबाने ते नाव धरले. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन आला. फौजेवर रॉबर्ट क्लाइव्ह होता. १२ तारखेला तोफांचा भडिमार झाला, पेटता गोळा एका जहाजावर पडला, त्यातून तुळाजी आंग्र्यांचे आरमार पेटले आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. हे सारे चित्रात आहे. किल्ला आहे, धूर आहे, इंग्रजांची शिडे आहेत.

आता मुलांनो, विचार करा. प्रसंग घडला १७५६ साली, चित्र निघाले १७७१ साली. मध्ये पंधरा वर्षे गेली. चित्र काढले कुठे? लंडनच्या बाजूला. कुणासाठी? जिंकणाऱ्यांच्या समाधानासाठी. चित्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. किल्ला खरा, आग खरी. पण चित्रकाराने आपली तिवई कुठल्या बाजूला मांडली, हे पहिल्यांदा विचारायला पाहिजे. ह्या चित्रात बघणारा माणूस इंग्रजी जहाजांच्या बाजूने बघतो. आपल्या तटावर उभे राहून समोर काय दिसत होते, त्याचे चित्र कुणी काढले नाही.

एक वर्ष आधी, १७५५ मध्ये, कमोडोर विल्यम जेम्स याने हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला होता. त्याचे चित्र रेनॉल्ड्ससारख्या नामांकित चित्रकाराने काढले. तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनच्या आग्नेयेला एका टेकडीवर तीन कोनांचा मनोरा बांधला आणि त्याला नाव दिले सुवर्णदुर्गाचे, अर्थात साहेबी उच्चारात. तो मनोरा आजही उभा आहे. म्हणजे किल्ला घेणाऱ्याचे तोंड रंगात आहे आणि नाव दगडात आहे. आणि ज्याचा किल्ला घेतला त्या तुळाजीचे? त्याला समोर बसवून काढलेले चित्र आपल्याला माहीत नाही. तो पेशव्यांच्या कैदेत पडला आणि कैदेतच मेला.

नुसते तोंडच गेले असे नाही, तर नावही दुसऱ्याने दिले. इंग्रजी पुस्तकांत आणि छापांत आंग्रे म्हणजे चाचा, समुद्रावरचा दरोडेखोर. मराठी राज्यात कान्होजी आंग्रे हे सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य. त्यांच्या दस्तकाशिवाय जहाज जाऊ द्यायचे नाही हा त्यांचा कायदा होता. तीच वसुली साहेबाने केली की ती जकात, आंग्र्याने केली की चाचेगिरी! बरे, दोष एकट्या साहेबाला देऊनही भागत नाही. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, म्हणून पेशव्यांच्या दरबारात तो बंडखोर ठरला. त्याला मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. मराठी आरमार इंग्रजांच्या हातून जाळून घेतले! म्हणजे माणूस एकच, पण एका कागदावर चाचा, दुसऱ्यावर बंडखोर, तिसऱ्यावर सरखेल. पुढे स्वतंत्र भारताने १९५१ साली मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आंग्रे हे नाव दिले. १९९९ साली टपालखात्याने तीन रुपयांचे तिकीट काढले. त्या तिकिटावर कान्होजींचा चेहरा नाही, त्यांच्या आरमारातली गुराब आहे. आम्हाला हे बरे वाटले. चेहऱ्याची खात्री नसेल तर जे ठाऊक आहे तेवढेच दाखवावे.

धम्मबंधूंनो, आज आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच. तसबीर बघताना तोंड बघा, पण त्याहून अधिक तसबिरीखालची ओळ बघा. ती ओळ कुणी लिहिली, हे विचारा. कारण ओळ बदलली की माणूस बदलतो.

आता ह्या तसबिरी तयार कशा होत, तेही थोडे समजून घेऊ. पूर्वी कॅमेरा नव्हता. चित्रकार एक चित्र काढी. त्याच्या प्रती हव्या असतील तर कोरक्या कारागीर तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र सुईसारख्या हत्याराने रेघ रेघ करून कोरी. त्या रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि दाबयंत्रातून काढायचा. छाप उलटा येतो. पत्र्यावर सरळ कोरले तर उजव्या हातातली तलवार कागदावर डाव्या हातात जाते! शिवाय कोरणाऱ्याने तो माणूस जन्मात पाहिलेला नसे. पगडीची घडी कळली नाही की तो आपल्या मनाने घडी घाली. त्या छापावरून दुसरा कारागीर दुसरा छाप करी. असा चेहरा गावोगाव फिरता फिरता मूळ माणसापासून लांब जाई.

शिवाजी महाराजांचेच उदाहरण घ्या. महाराजांसारखा राजा, पण त्यांचा म्हणून जो चेहरा बरीच वर्षे छापला जात होता तो निघाला इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचा! इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुने डच दप्तर आणि पुस्तके धुंडाळून महाराजांचे अस्सल चित्र शोधले आणि १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले. व्हॅलेंटाइन नावाच्या डच ग्रंथकाराने १७२४ ते १७२६ च्या सुमारास ईस्ट इंडियावर मोठा ग्रंथ छापला, त्यातही महाराजांचे कोरीव चित्र आहे. म्हणजे आपल्या राजाचा चेहरा ओळखायला आपल्याला डच व्यापाऱ्यांचे कागद उपयोगी पडले. महाराजांना ही गत, तर तुमची आमची काय कथा?

पुढे पुण्याच्या दरबारात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटलंडचा चित्रकार आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून चित्रे काढली. त्यामुळे त्या मुत्सद्द्यांची तोंडे आपल्याला ठाऊक आहेत. नंतर दगडावरून छापण्याची कला आली. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, आणि रंगीत हवे असेल तर जितके रंग तितके दगड. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा निघाला. मग राजे, पेशवे, देव-देवता स्वस्तात घरोघर गेल्या.

घरोघर म्हणजे कुणाच्या घरोघर? आपल्या आज्या-पणज्यांच्या घराला कुडाच्या भिंती आणि वर पेंढा. पावसाळ्यात सारवण टिकायची मारामार, तिथे तसबिरीला खिळा कुठे ठोकायचा? आणि आपले तोंड कोण काढणार? किल्ल्याचा जांभा दगड कुणी वाहिला, गोदीत लाकडे कुणी ओढली, तटावर रात्रीची हाळी कुणी दिली, यातले एकही तोंड कुठल्या चित्रात नाही. ग्रीनिचच्या चित्रातही नाही आणि पुण्याच्या चित्रातही नाही. कोरेगावच्या भीमा नदीकाठी जो विजयस्तंभ आहे तो १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. त्यावर मेलेल्या शिपायांत आपल्या लोकांची नावे आहेत, शेवटी 'नाक' लागणारी. चेहरे नाहीत, पण नावे तरी आहेत. म्हणून तर बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. ज्यांची तसबीर नाही त्यांची नुसती नावे कोरलेली असली तरी लोक शंभर वर्षांनी तिथे उभे राहतात, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट. २५ डिसेंबर १९२७, महाडची सत्याग्रह परिषद. मनुस्मृतीचे दहन झाले ते ह्याच दिवशी. हजारो माणसे कोकणातून, देशावरून आली होती. त्या मंडपात तसबीर किती होत्या? एकच, आणि ती गांधीजींची. बाबासाहेबांची जीवनकथा लिहिणाऱ्यांनी ही नोंद करून ठेवली आहे. आम्ही प्रथम वाचले तेव्हा चमकलो. मग विचार केला, त्या मंडपात दुसरी कुणाची लावणार होते? आपल्या माणसाची छापील तसबीर तेव्हा बाजारात नव्हती. जे बंड करीत होते ते मंडपात खाली बसलेले होते. त्यांची तोंडे अजून भिंतीवर चढली नव्हती.

आणि पुढच्या काही वर्षांत काय झाले ते बघा. ज्या बाबासाहेबांना गोलमेज परिषदेच्या आणि पुणे कराराच्या दिवसांत विरोधकांनी देशाचा शत्रू म्हटले, त्यांचाच पुतळा कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० साली, त्यांच्या हयातीत बसला, शेजारी महात्मा फुल्यांचा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरातले देव्हारे उतरले आणि भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब आले. १९६६ साली टपालाचे तिकीट निघाले. १९६७ साली संसदेच्या आवारात पुतळा उभा राहिला. १९९० साली सेंट्रल हॉलमध्ये तैलचित्र लागले आणि त्याच वर्षी मरणोत्तर भारतरत्न. तोंड तेच, चष्मा तोच. तसबिरीखालची ओळ मात्र बदलली. ती आपोआप बदलली का? नाही. गावोगाव लोकांनी वर्गणी काढली, मिरवणुकीत मार खाल्ला, गावकुसाबाहेर का होईना पण पुतळा बसवला, तेव्हा ती ओळ बदलली.

पण बंधूंनो, इथे थोडे थांबून स्वतःलाही विचारू. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर भाषण करताना विभूतिपूजेवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते. असा माणूस आपल्या भिंतीवर आहे. त्याला आपण हार घालतो, अगरबत्ती लावतो. घाला, आदर आहे तो. पण हार सुकला की बदलायची आठवण राहते आणि पुस्तक वाचायची राहत नाही, असे होऊ देऊ नका. त्यांच्या हातात चित्रकाराने पुस्तक उगीच दिलेले नाही.

आता शेवटी घरातली गोष्ट सांगतो. आमच्या घरी एक लोखंडी पेटी होती. तिच्यात एक फोटो होता, मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी. पाच पुरुष खुर्चीवर आणि मागे उभे, एक बाई कोपऱ्यात, पदर घट्ट धरलेली. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की टोपीवाला तो आमचा आजा, गिरणीत कामाला होता, सभांना जायचा, निळा झेंडा धरायचा. एकदा म्हातारी आजी ओटीवर बसली होती. तिच्या हातात फोटो दिला. तिने डोळ्याजवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो तुझो आजो नाय रे, तेचो भाव आसा." मग आजा कुठला? तिने एकदा मागच्यावर बोट ठेवले, एकदा बाजूच्यावर. नंतर म्हणाली, "उद्या दिसात बघतंय, आता दिसणा नाय." तो उद्या आम्ही कधी आणलाच नाही. आम्ही मुंबईला परतलो. पावसाळ्यात आजी गेली.

फोटोच्या मागे काही लिहिलेले नाही. तिला विचारून पेन्सिलीने सहा नावे लिहायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटे. आता चुलते म्हणतात टोपीवाला, आत्या म्हणते मागचा. आणि कोपऱ्यातली ती बाई कोण, ते तर कुणीच सांगू शकत नाही. शिवाजी महाराजांचा चेहरा शोधायला बेंद्र्यांसारखा संशोधक होता. आमच्या आजाचा चेहरा शोधायला कुठला बेंद्रे येणार? इंग्रजाने आपली तोंडे काढली नाहीत, पेशव्याने काढली नाहीत, ही तक्रार आम्ही आत्ता तुमच्यासमोर केली. पण आमच्या घरात तोंड होते आणि ओळ लिहायची राहिली, ती कुणामुळे? आमच्याचमुळे. ही चूक आम्ही सर्वांसमोर कबूल करतो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

१७५६ ची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथेच सांगतो. वॉटसनबरोबर एडवर्ड आइव्ज नावाचा डॉक्टर आला होता. त्याने १७७३ साली प्रवासाचे पुस्तक छापले. त्यात त्याने लिहिले आहे की किल्ला पडल्यावर वॉटसन तुळाजीच्या घरच्या बायामाणसांना भेटायला गेला. तुळाजीची म्हातारी आई रडत होती, की आता आम्हाला कुणी राहिले नाही. वॉटसन म्हणाला, मला वडील समजा. तेव्हा सहा-एक वर्षांच्या एका पोराने पुढे येऊन त्याचा हात धरला आणि म्हटले, मग तूच आमचा बाप. तो दर्यावर्दी साहेबही रडला म्हणतात. ह्या प्रसंगाचे चित्र ग्रीनिचला नाही. पण एका माणसाने चार ओळी लिहून ठेवल्या, म्हणून ते पोर आज आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. चित्र नसले तरी ओळ माणसाला वाचवते. नुसते चित्र असले आणि ओळ नसली, तर आमच्या आजासारखे होते.

जुलै २०२५ मध्ये आपला विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला, बारा मराठी किल्ल्यांपैकी एक म्हणून. आता पाहुणे येतील, फलक लागतील, चित्रे लागतील. चांगली गोष्ट आहे, गावातल्या पोरांना काम मिळेल. पण किल्ल्याच्या फलकावर कुणाची तोंडे येतात आणि कुणाची राहतात, हे बघायला आपणही ग्रामसभेत बसले पाहिजे. आणि 'आमचीही माणसे इथे होती' असे तिथे म्हणायचे, तर हातात काहीतरी पाहिजे.

म्हणून ह्या वर्धापनदिनी आमची एक सूचना आहे. समितीने ती मान्य करावी. येत्या मे महिन्यात चाकरमानी गावाला येतील तेव्हा प्रत्येक घराने आपले जुने फोटो विहारात आणावेत. दीक्षेचे, लग्नाचे, गिरणीतले, पलटणीतले, शाळेतले, जे असतील ते. मूळ फोटो कुणी ठेवून घेणार नाही. मोबाईलवर त्याची प्रत काढायची आणि फोटो घरमालकाच्या हातात परत द्यायचा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहायचे. बॉलपेनने नको, वळ उठतो आणि शाई पुढे उतरते. काय लिहायचे? नाव, बापाचे नाव आणि आईचेही, गाव-वाडी, साल, फोटो कुठे काढला, आणि हे कुणी सांगितले. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने नाव घालू नका. बायांची नावे 'अमक्याची मंडळी' अशी लिहू नका, तिचे नाव लिहा. ज्यांचा फोटोच नाही त्यांच्यासाठी वहीत एक पान ठेवा. कोरेगावच्या स्तंभावर तरी कुठे फोटो आहेत?

आणि हे मे महिन्याची वाट बघत ठेवू नका. ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढचे माणूस आहे त्यांनी आज, जेवणे आटोपली की, फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा. दिवस असतानाच बसा, उजेडात. उद्या म्हणू नका.

बुद्धाने सांगितले, सर्व संस्कार अनित्य आहेत. कागद जाईल, रंग जाईल, आपणही जाऊ. तोवर ज्यांच्या खांद्यावर बसून आपण इथवर आलो त्यांची नावे बरोबर लिहून ठेवणे हे आपले काम आहे. ते आपणच करू.

एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो. भवतु सब्ब मंगलं. जय भीम!